पाच अंशांची पट्टी : माळव्याच्या उन्हाळ्यात गाडीतील फ्रिजचे शास्त्र

विंध्य पर्वताच्या उत्तरेस, माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेल्या इंदूरचा महाराष्ट्राशी असलेला संबंध होळकरांच्या काळापासूनचा आहे. १८१८ मध्ये मंदसौरच्या तहानंतर होळकर संस्थानाची राजधानी येथे स्थिरावली, तिच्या आश्रयाने शहरातील मराठी वस्ती वाढली, आणि त्या वस्तीची नातीगोती पुणे, नाशिक, मुंबई व खानदेशात आजही टिकून असल्यामुळे लग्नसराईत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत या दिशेने मोटारींची ये-जा वाढते. या मोटारींतून घरचा चक्का व श्रीखंड, इंदूरच्या सराफा बाजारातील रबडी, दही, पनीर, कापलेली फळे, तान्ह्या मुलांचे दूध आणि कित्येकदा मधुमेही वडीलधाऱ्यांचे इन्सुलिनही प्रवास करते. पूर्वी यासाठी बर्फ भरलेला थर्मासचा डबा पुरेसा मानला जाई; आता त्याची जागा मोटारीच्या १२ व्होल्टच्या विजेवर चालणारा छोटा फ्रिज घेऊ लागला आहे. मात्र या फ्रिजच्या पडद्यावर दिसणारा अंक आणि आतील प्रत्येक डब्याचे तापमान या दोन वेगळ्या गोष्टी असून, त्यांतील अंतर कमी ठेवणे हाच प्रवासात अन्न सुरक्षित राखण्याचा खरा प्रश्न आहे.

इंदूरच्या प्रवाशांसाठी हा प्रश्न अधिक बिकट होतो तो मार्गाच्या भूगोलामुळे. आग्रा-मुंबई महामार्गाने निघालेली मोटार मानपूरजवळ पठार सोडून घाट उतरते, खलघाटला नर्मदा ओलांडते, निमाडचा सखल प्रदेश पार करते, सेंधव्यापुढे बिजासन घाटातून सातपुडा उतरते आणि शिरपूर-धुळ्याकडे खानदेशात शिरते. मे महिन्यात इंदूरचे कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. परंतु उंची कमी असलेल्या निमाडात, विशेषतः खरगोनच्या परिसरात, पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि खानदेशातही फारसा दिलासा मिळत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीचे अंतरंग तर बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. म्हणजेच इंदूरच्या घरात व्यवस्थित चाललेल्या फ्रिजला प्रवासाच्या पहिल्या काही तासांतच अधिक कठीण परिस्थितीला तोंड द्यावे लागते.

सुरक्षिततेची अरुंद पट्टी

नाशवंत अन्न ५ अंशांच्या खाली किंवा ६० अंशांच्या वर ठेवावे, हा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे, कारण या दोन मर्यादांच्या मधल्या तापमानात रोगकारक जीवाणू वाढू शकतात आणि शरीराच्या तापमानाजवळ त्यांची वाढ अतिशय वेगाने होते. अनुकूल परिस्थितीत काही जीवाणूंची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होते. या गतीने सहा तासांत अठरा वेळा दुप्पट झाल्यास एका जीवाणूपासून अडीच लाखांहून अधिक जीवाणू तयार होतात. बिघडलेले अन्न पुन्हा उकळल्याने ते निर्धोक होते, हा समजही सर्वस्वी खरा नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जीवाणूने दुधाच्या पदार्थांत सोडलेले विष उकळूनही नष्ट होत नाही, आणि बॅसिलस सिरियस या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल काळ तग धरून राहणारी त्याची सुप्त अवस्था, भात शिजतानाही जिवंत राहतात व भात कोमट राहिला की पुन्हा वाढीस लागतात. प्रवासासाठी आवडीने नेल्या जाणाऱ्या दहीभाताच्या बाबतीत हे विशेषत्वाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

वरची मर्यादा अशी ५ अंशांची असली, तरी खालची मर्यादाही दूर नाही. दूध उणे अर्ध्या अंशाच्या आसपास गोठू लागते. काकडी, कोथिंबीर, टोमॅटो यांच्या पेशींतील पाणी गोठले की त्या फुटतात व भाजी लिबलिबीत होते. दही गोठून पुन्हा वितळले की त्यातील पाणी वेगळे होते. आणि इन्सुलिन एकदा गोठले की ते वापरण्यास योग्य राहत नाही. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवण्याची सूचना असते. या सर्वांचा एकत्रित विचार केला, तर प्रवासातील अन्नासाठी शून्य ते पाच अंशांची जेमतेम पाच अंश रुंदीची पट्टी शिल्लक राहते. फ्रिजच्या तळाशी उणे ३ आणि झाकणाजवळ ९ अंश असतील, तर त्यांची सरासरी ३ अंश आली तरी तिचा काहीही उपयोग नाही, कारण तळाचे दूध गोठलेले असते आणि वरचे पनीर बिघडण्याच्या मार्गावर असते.

दोन यंत्रे, दोन मर्यादा

बाजारात मिळणाऱ्या गाडीतील फ्रिजचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि योगायोगाने दोहोंची मुळे १८३४ या एकाच वर्षात सापडतात. त्या वर्षी फ्रान्समध्ये झाँ पेल्तिए यांना असे आढळले की, दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून वीज वाहिली की एक सांधा थंड होतो व दुसरा तापतो. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जेकब पर्किन्स यांनी द्रवाचे बाष्पीभवन करून व ते बाष्प पुन्हा दाबून द्रव बनवून थंडी निर्माण करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पहिल्या तत्त्वावर चालणारे डबे थर्मोइलेक्ट्रिक म्हणून, तर दुसऱ्या तत्त्वावरचे कॉम्प्रेसर फ्रिज म्हणून विकले जातात.

थर्मोइलेक्ट्रिक डबा स्वस्त, हलका व कमी आवाजाचा असतो. परंतु तो ठरावीक तापमान गाठत नसून, बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंश कमी तापमान राखतो. वातानुकूलित मोटारीत, २५ अंशांच्या हवेत, असा डबा ५ ते १० अंशांपर्यंत उतरू शकतो; मात्र तोच डबा ४२ अंशांच्या डिकीत ठेवला, तर आत २२ ते २७ अंश तापमान राहते. माळव्यातील मे महिन्याच्या कोरड्या हवेत, म्हणजे ४० अंश तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असताना, ओल्या पृष्ठभागाचे तापमान बाष्पीभवनाने २१-२२ अंशांपर्यंत उतरू शकते, आणि घरोघरीचे माठ याच तत्त्वावर पाणी गार करतात. त्यामुळे डिकीतला थर्मोइलेक्ट्रिक डबा विजेचा खर्च करून जवळपास माठाइतकीच थंडी देतो, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. पाण्यासाठी ही थंडी पुरेशी आहे. दूध, पनीर आणि इन्सुलिनसाठी नाही.

कॉम्प्रेसर फ्रिजची रचना घरच्या फ्रिजसारखीच असते. त्यातील शीतक, म्हणजे उष्णता वाहून नेणारा पदार्थ, कमी दाबाखाली बाष्पकाच्या नळ्यांत उकळतो व आतील उष्णता शोषतो. कॉम्प्रेसर त्या बाष्पाचा दाब वाढवतो. आणि संघनकाच्या नळ्यांत ते पुन्हा द्रव होताना उष्णता बाहेरच्या हवेत सोडते. असा फ्रिज कडक उन्हाळ्यातही शून्याखाली जाऊ शकतो. म्हणून इंदूरहून दक्षिणेकडे उन्हाळ्यात नाशवंत अन्न न्यायचे असल्यास हाच प्रकार योग्य ठरतो. मात्र पुरेशी थंडी आणि सर्वत्र सारखी थंडी या वेगळ्या गोष्टी असल्याने, कॉम्प्रेसर घेतला की काम संपले असे होत नाही.

उष्णतेचा हिशेब

फ्रिज थंडी निर्माण करत नाही, तो आतील उष्णता बाहेर नेऊन टाकतो, आणि हे काम तो किती सावकाश करतो याची कल्पना साध्या हिशेबाने येते. सुमारे ४० लिटरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर ४५ वॅट वीज घेत असेल आणि दर वॅटमागे दीड वॅट उष्णता बाहेर काढत असेल, तर त्याची उपसण्याची क्षमता सुमारे ६७ वॅट होते. साडेचार सेंटिमीटर जाडीच्या पॉलियुरेथेन फोमच्या भिंतींतून, बाहेर ४२ व आत ५ अंश असताना, २० वॅटच्या आसपास उष्णता सतत आत झिरपते. झाकणाच्या रबरातून येणारी उष्णता धरली तर हा आकडा २५ वॅटपर्यंत जातो. म्हणजे अन्न थंड करण्यासाठी जेमतेम ४० ते ४५ वॅट क्षमता उरते.

आता ३५ अंशांचे पाच किलो अन्न ५ अंशांवर आणायचे असेल, तर त्यातून सुमारे ५७० किलोज्यूल उष्णता काढावी लागते आणि या उरलेल्या क्षमतेने त्याला साडेतीन ते चार तास लागतात. सकाळी घरी भरलेले कोमट डबे मोटार बिजासन घाटाच्या आसपास पोहोचेपर्यंत थंड होत असतात, आणि तोवरचा सारा वेळ ते जीवाणूंच्या वाढीला पोषक अशा तापमानातून जात असतात. शिवाय कोमट डबा शेजारच्या थंड डब्याला तापवतो, तापमान मोजणारा संवेदक त्या डब्याजवळ असेल तर कॉम्प्रेसर थांबायचे नाव घेत नाही, आणि मग भिंतीला लागून असलेले दूध गोठू लागते. अशा रीतीने एका कोमट डब्यामुळे फ्रिजच्या एका कोपऱ्यात उष्णता आणि दुसऱ्या कोपऱ्यात गोठण या दोन्ही व्याधी एकाच वेळी उद्भवतात. म्हणूनच फ्रिज आदल्या रात्री घरच्या विजेवर रिकामा थंड करावा आणि त्यात घरच्या फ्रिजमधून काढलेले, आतपर्यंत गार झालेले अन्नच भरावे. गाडीतील फ्रिजकडे थंडी टिकवण्याचे काम सोपवावे, ती मिळवण्याचे नव्हे.

याच हिशेबातून झाकण उघडण्याविषयीचा एक गैरसमजही दूर होतो. चाळीस लिटर हवेचे वजन पन्नास ग्रॅमहून कमी असल्यामुळे, झाकण उघडताच आतली सगळी हवा बदलली तरी सुमारे २ किलोज्यूल उष्णताच आत येते. याउलट ३५ अंशांच्या पाण्याची एक लिटरची बाटली आत ठेवली, तर १२५ किलोज्यूल उष्णता आत येते. वरून उघडणाऱ्या फ्रिजमध्ये जड थंड हवा तळाशीच राहते, त्यामुळे प्रत्यक्ष नुकसान याहूनही कमी होते. पावसाळ्यात मात्र दमट हवेतील बाष्प आत दहिवराच्या रूपाने साचते व भिंतीवर बर्फाचा थर धरतो, तेव्हा झाकण कमी वेळा उघडणे श्रेयस्कर ठरते. एरवी मुलांनी ताक घेण्यासाठी झाकण उघडले याची चिंता करण्यापेक्षा, वाटेत विकत घेतलेल्या कोमट बाटल्या आत न ठेवण्याची काळजी घ्यावी.

आतील हवेचा मार्ग

पेटीसारख्या फ्रिजमध्ये बाष्पकाच्या नळ्या आतील भिंतीच्या मागे बसवलेल्या असतात, म्हणून भिंत सर्वांत थंड असते. भिंतीलगतची हवा थंड होऊन खाली उतरते, मध्यभागी अन्नाच्या उष्णतेने किंचित तापून वर चढते आणि पुन्हा भिंतीकडे वळते. या आपोआप चालणाऱ्या फेऱ्याला नैसर्गिक अभिसरण म्हणतात. पाच अंशांची हवा ३५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी जड असते आणि याच फरकावर हा फेरा अवलंबून असतो. फ्रिज काठोकाठ गच्च भरला, डबे भिंतीला टेकले आणि दोन डब्यांमध्ये बोटभरही जागा राहिली नाही, तर हवेचा मार्ग बंद होतो. भिंतीला टेकलेला डबा तिच्यातील थंडी थेट घेऊन गोठतो, आणि मधल्या डब्यापर्यंत ती पोहोचतच नाही.

याशिवाय अनेक फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर एका बाजूला तळाशी असतो व त्याच्या वर एक उथळ कप्पा असतो. या कप्प्याभोवती बहुधा बाष्पकाच्या नळ्या नसतात आणि त्याच्या खालून कॉम्प्रेसरची ऊब येते, त्यामुळे तो मुख्य भागापेक्षा काही अंशांनी गरम राहतो. बरेचजण सोयीचा म्हणून नेमक्या याच कप्प्यात दुधाच्या पिशव्या ठेवतात. वास्तविक तो फळे, चटण्या, लोणची, चॉकलेट अशा वस्तूंसाठी योग्य आहे. पडद्यावरचा अंक संवेदक जिथे बसवला आहे तिथलाच असल्यामुळे, या कप्प्यातील तापमानाची खबर पडद्यावर कधीच येत नाही.

हे असमान तापमान समजून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दोन स्वस्त थर्मामीटर. पाणी भरलेल्या दोन लहान वाट्यांत ते बुडवून एक तळाशी व एक झाकणाजवळ ठेवावा, कारण हवेचे तापमान कॉम्प्रेसर सुरू-बंद होताना सतत वर-खाली होते, तर पाण्याचे तापमान अन्नाप्रमाणेच सावकाश बदलते आणि म्हणून अधिक विश्वासार्ह ठरते. काही तासांनी दोन्ही आकडे पाहिले की फ्रिज कोणत्या अंकावर लावावा हे ठरवता येते. बऱ्याच वेळा तळ गोठू नये म्हणून अंक ३ किंवा ४ वर ठेवणे पुरते. अन्न जाळीच्या टोपलीत ठेवल्यास ते भिंतीपासून व तळापासून दूर राहते. बॅटरीवर चालणारा एक वॅटच्या आतबाहेरचा छोटा पंखा आत ठेवला, तर तो स्वतः थोडी उष्णता सोडत असला तरी हवा ढवळून वरच्या व खालच्या थरांतील फरक बराच कमी करतो. एवढे झाले तरी बाहेरच्या बाजूची जाळी, जिच्यातून संघनकाची उष्णता बाहेर पडते, तीही मोकळी असावी लागते. डिकीतल्या बॅगांनी ती झाकली की फ्रिज आपलीच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढून घेतो.

लसींच्या साखळीकडून मिळणारा धडा

अन्नाच्या बाबतीत नवी वाटणारी ही शिस्त भारतातील आरोग्यसेवेत गेली कित्येक दशके रुजलेली आहे. १९८५ मध्ये सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात बहुतेक लसी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत २ ते ८ अंशांत पोहोचवाव्या लागतात, आणि त्यासाठी वरून उघडणारे, आतून बर्फाचे अस्तर असलेले फ्रिज वापरले जातात. त्यांचा तळ सर्वांत थंड असतो हे लक्षात घेऊन, गोठल्याने निकामी होणाऱ्या हिपॅटायटिस-बी व पेंटाव्हॅलंटसारख्या लसी वरच्या बाजूला टोपलीत ठेवतात, तर थंडी अधिक सोसणाऱ्या पोलिओ व गोवराच्या लसी खाली ठेवता येतात; तापमानाची नोंद दिवसातून दोनदा घेतली जाते. लसींच्या साठ्यावर व तापमानावर लक्ष ठेवणारी ईव्हिन ही संगणकीय यंत्रणा सुरुवातीला ज्या राज्यांत आली, त्यांत मध्य प्रदेशाचाही समावेश होता.

गावोगावी लसी नेणाऱ्या आरोग्यसेविकेच्या डब्यात चार आइस पॅक असतात, आणि ते डीप फ्रीझरमधून काढल्याबरोबर आत ठेवले जात नाहीत. बाहेर थोडा वेळ ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येऊ लागला की मगच ते वापरायचे असतात, कारण नुकताच काढलेला पॅक उणे १५-२० अंशांचा असतो व शेजारची लस गोठवू शकतो. पण वितळू लागलेला बर्फ संपूर्ण वितळेपर्यंत शून्य अंशावरच राहतो. वितळताना बर्फाचे तापमान न वाढता जी उष्णता शोषली जाते, तिला सुप्त उष्णता म्हणतात. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. वर सांगितलेल्या २५ वॅटच्या झिरपणीपुढे तो एकटा सुमारे पावणेचार तास टिकाव धरू शकतो.

हीच युक्ती गाडीतील फ्रिजला लागू पडते. साध्या पाण्याच्या दोन गोठलेल्या बाटल्या, वितळू लागल्यावर, अन्नाच्या वर ठेवल्या की वरचा उबदार थर थंड राहतो, तापमानाचे चढ-उतार सौम्य होतात आणि कॉम्प्रेसर बंद पडल्यास काही तासांची मुदत मिळते. मीठ मिसळलेल्या पाण्याचे पॅक मात्र अन्नाला चिकटून ठेवू नयेत, कारण मीठ व बर्फ यांचे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये याच गुणाचा उपयोग केला जातो, परंतु दुधाच्या पिशवीला तो घातक ठरतो.

विजेची बाजू

मोटारीतील सॉकेट अनेकदा इंजिन बंद होताच बंद होतो, आणि जेवणासाठी तासभर थांबलेल्या मोटारीत, ऐन उन्हात, फ्रिजला सर्वाधिक गरज असतानाच वीज मिळत नाही. सॉकेट चालू राहत असेल तर वेगळी अडचण येते : सरासरी २ अँपिअर वीज घेणारा फ्रिज आठ तासांत १६ अँपिअर-तास खर्च करतो व मोटार सुरू करण्याची बॅटरी दुबळी होऊ शकते. यासाठी कॉम्प्रेसर फ्रिजमध्ये बॅटरीचा विद्युतदाब ठरावीक मर्यादेखाली गेला की यंत्र बंद करणारी व्यवस्था असते, आणि तिच्या तीन पातळ्यांपैकी मोटारीच्या मूळ बॅटरीसाठी वरची पातळी निवडणे योग्य असते. लांब व बारीक वायरमध्ये विद्युतदाब घटतो, त्यामुळे बॅटरी भरलेली असूनही फ्रिज ती रिकामी समजून थांबतो. फ्रिज वारंवार बंद पडत असल्यास यंत्रापेक्षा आधी वायर तपासावी. दुपारच्या थांब्यात मोटार सावलीत लावणे, फ्रिजवर जाड पांढरी चादर टाकणे परंतु त्याची जाळी उघडी ठेवणे, आणि रात्रीच्या मुक्कामी फ्रिज खोलीत नेऊन घरच्या विजेवर लावणे, हे उपाय कोणत्याही महागड्या जोडणीइतकेच परिणामकारक असतात.

या सर्व गोष्टी एकत्र मांडल्या तर असे दिसते की, सारखी थंडी हा एखाद्या विशिष्ट फ्रिजचा गुण नसून भरण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे. आदल्या रात्री गार केलेली पेटी, आतपर्यंत थंड झालेले अन्न, भिंतीपासून सुटी टोपली, हवेला बोटभर वाट, वर शून्य अंशाचा बर्फ, खाली भाज्यांऐवजी दूध व पनीर, आणि दोन ठिकाणी थर्मामीटर, एवढी व्यवस्था केली की मध्यम किमतीचा कॉम्प्रेसर फ्रिजही निमाडच्या दुपारी पाच अंशांची पट्टी सांभाळू शकतो. आणि ही व्यवस्था नसेल, तर सर्वांत महाग फ्रिजही एका कोपऱ्यात गोठवतो व दुसऱ्यात नासवतो. ज्या मोटारीत तान्ह्या मुलाचे दूध किंवा वृद्धाचे इन्सुलिन असेल, तिच्यासाठी हा प्रश्न निव्वळ चवीचा राहत नाही. अशा कुटुंबाने फ्रिजच्या वाढीव लिटरांवर अधिक पैसे घालण्यापूर्वी थर्मामीटर विकत घ्यावा आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी घरीच एकदा पूर्ण भरलेल्या फ्रिजची चाचणी करावी, म्हणजे कोणता कोपरा कोणत्या वस्तूसाठी योग्य आहे हे रस्त्यावर निघण्यापूर्वीच कळून येईल.